पावाचं यीस्ट आणि पेशीतली ऊर्जा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओळखीत कुणी बायोकेमिस्ट निघाली की लोक दोनच गोष्टी विचारतात: साखरेचा रिपोर्ट जरा बघता का, आणि त्या यीस्टवर तुम्ही इतकी वर्षं काय करता? रिपोर्टसाठी डॉक्टर गाठावा. दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं इथे एकत्र करून ठेवली आहेत. वडोदऱ्याच्या रावपुऱ्यातल्या नातेवाइकांपासून बीएस्सीच्या मुलांपर्यंत ज्यांनी जे विचारलं, ते जवळपास त्यांच्याच शब्दांत आहे. सोपं आधी, अवघड नंतर. एकाच गोष्टीचं चऱ्हाट दोनदा नको, म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. तुम्ही नक्की कशावर काम करता? सोप्या शब्दांत सांगा.

पेशीतली बहुतेक कामं एटीपी नावाच्या रेणूच्या जोरावर चालतात. हा रेणू मुख्यतः मायटोकॉन्ड्रिया नावाच्या पेशीतल्या भागांत तयार होतो. तो बनवणारी एन्झाइम्स कशी जुळवली जातात, एखादा भाग बिघडला तर बाकीच्यांचं काय होतं, हे मी यीस्टमध्ये पाहते. मोठं माणूस दिवसभरात स्वतःच्या वजनाच्या आसपास एटीपी बनवतं आणि वापरतं. एका वेळी अंगात असतं ते फारच थोडं. तेच संपतं आणि तेच पुन्हा भरलं जातं.

२. हे यीस्ट म्हणजे बेकरीवाले पावात घालतात तेच का?

हो, तेच. सॅकरोमायसिस सेरेव्हिसी हे त्याचं शास्त्रीय नाव. सेव-उसळीबरोबर आपण जो पाव खातो, तो फुगवणारी आणि आमच्या काचेच्या बशीत वाढणारी जात एकच आहे. फरक इतकाच की प्रयोगशाळेतल्या वाणाची पूर्ण जनुकीय कुंडली माहीत असते. १९९६ साली ती पूर्ण वाचून झाली: १६ गुणसूत्रं, सुमारे ६००० जनुकं. केंद्रक असलेल्या जिवांपैकी इतकं पूर्ण वाचलं गेलेलं हे पहिलं. बेकरीच्या पुड्यातल्या यीस्टवरही काही प्रयोग होतात (प्रश्न १५), पण त्यातलं एखादं जनुक काढायचं किंवा बदलायचं म्हटलं की आम्ही प्रयोगशाळेच्या वाणाकडे वळतो.

३. मग ढोकळा, इडली, नानखटाई यांतही यीस्टच?

इडलीचं पीठ मुख्यतः लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू आंबवतात आणि फुगवतात. यीस्टच्या काही जाती असतात, पण त्यांचा वाटा दुय्यम. ढोकळ्याच्या आंबवलेल्या पिठाचंही साधारण तेच. झटपट खमणात तर जिवंत काहीच नसतं, सोडा आणि आम्ल यांचा फेस असतो. नानखटाईचा यीस्टशी संबंध नाही.

४. ऊर्जा निर्माण करता येत नाही असं शाळेत शिकलो. मग मायटोकॉन्ड्रिया ऊर्जा 'तयार' कशी करतात?

तयार करत नाहीत, एका रूपातून दुसऱ्या रूपात आणतात. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यात बसलेल्या प्रथिनांच्या साखळीतून जातात आणि शेवटी ऑक्सिजनला मिळतात. त्याचं पाणी होतं. श्वासातून घेतलेला बहुतेक ऑक्सिजन इथेच संपतो. हे पेशीचं श्वसन, आणि ही साखळी म्हणजे श्वसनसाखळी. या प्रवासात जी ऊर्जा सुटते ती वापरून साखळीतली प्रथिनं प्रोटॉन पडद्याच्या बाहेरच्या बाजूला ढकलतात. बाहेर प्रोटॉन जास्त, आत कमी, असा फरक तयार होतो. पडद्याच्या दोन बाजूंमधला विद्युतदाब दीडशे मिलिव्होल्टच्या पुढे जातो. आकडा किरकोळ वाटेल, पण पडदा जेमतेम पाच-सहा नॅनोमीटर जाड आहे, हे लक्षात घेतलं की ताण केवढा आहे ते कळतं. प्रोटॉन परत आत येताना एटीपी सिंथेज या एन्झाइममधून येतात आणि एटीपी बनतो.

ही कल्पना पीटर मिशेल यांनी १९६१ साली मांडली तेव्हा बहुतेकांना ती पटली नव्हती. तेव्हाचे मोठमोठे लोक इलेक्ट्रॉनांची साखळी आणि एटीपी यांच्यामध्ये एखादा रासायनिक दुवा असणार म्हणून तो शोधत होते. तो सापडला नाही, कारण तो नव्हताच. १९७८ साली मिशेल यांना नोबेल मिळालं.

५. एटीपी सिंथेज खरंच फिरतं का? कुणी डोळ्यांनी पाहिलंय?

खरंच फिरतं, आणि पाहिलंय. हा माझा लाडका प्रश्न, म्हणून थोडं सविस्तर.

या एन्झाइमचे दोन भाग. एक पडद्यात रुतलेला, त्यात लहान प्रथिनांचं एक कडं; प्रोटॉन आत येताना हे कडं फिरतं. दुसरा भाग डोक्यासारखा आतल्या बाजूला असतो, त्यात एटीपी बनवणाऱ्या तीन जागा. कड्याला जोडलेला एक दांडा या डोक्याच्या पोटात शिरलेला असतो. जुन्या घरांत ताक घुसळायची रवी खांबाला बांधलेली असे, दोरी ओढली की रवी फिरायची आणि खांब जागचा हलायचा नाही. इथेही दांडा फिरतो आणि डोकं बाजूच्या एका काठीसारख्या प्रथिनाने घट्ट धरून ठेवलेलं असतं. दांडा एका बाजूने जाड, एका बाजूने बारीक. तो फिरेल तशा तिन्ही जागांचा आकार आळीपाळीने बदलतो: एकीत कच्चा माल येतो, दुसरीत एटीपी बनतो, तिसरीतून तो सुटतो.

पॉल बॉयर यांनी हे आधी तर्काने मांडलं. १९९४ मध्ये जॉन वॉकर यांच्या गटाने गाईच्या हृदयातल्या एन्झाइमच्या डोक्याची रचना काढली आणि तो वाकडातिकडा दांडा दिसला. मग १९९७ मध्ये जपानमध्ये नोजी, योशिदा आणि किनोसिता यांनी एका जिवाणूच्या एन्झाइमचं डोकं काचेवर उलटं चिकटवलं, दांड्याला चमकणारा अ‍ॅक्टिनचा लांब धागा जोडला आणि एटीपी घातलं. सूक्ष्मदर्शकात तो धागा गोल गोल फिरताना दिसला, कायम एकाच दिशेला. एटीपी कमी घातलं तर तो १२०-१२० अंशांचे टप्पे घेत अडखळत फिरतो. त्याच वर्षी बॉयर आणि वॉकर यांना नोबेल मिळालं.

यीस्टमधल्या त्या कड्यात १० प्रथिनं असतात, गाईच्या आणि आपल्या कड्यात ८. ही बारीकसारीक वाटणारी गोष्ट प्रश्न १० मध्ये कामाला येईल.

६. माणसाचे आजार समजून घ्यायचे, तर उंदीर सोडून यीस्ट का?

कारण यीस्टमध्ये हे यंत्र मोडता येतं आणि यीस्ट जिवंत राहतं. या एका सोयीवर आमचं सगळं शास्त्र उभं आहे.

उंदरात श्वसनसाखळीतलं महत्त्वाचं एखादं प्रथिन पूर्ण काढून टाकलं तर पिल्लू बहुधा जन्मतच नाही. मेलेल्यावर काय अभ्यास करणार? यीस्टला मात्र दुसरी वाट आहे. ग्लुकोज मिळालं की ते श्वसनाशिवाय, नुसतं किण्वन करून जगतं: साखरेचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड. किण्वनातून एका ग्लुकोजमागे फक्त दोन एटीपी मिळतात, पण तेवढ्यावर भागतं. ग्लिसरॉलवर ठेवलं तर मात्र श्वसन लागतंच, कारण ग्लिसरॉलचं किण्वन या वाणांना जमत नाही.

म्हणून आमचा सगळ्यात साधा आणि सगळ्यात उपयोगी प्रयोग असा: एकाच यीस्टचे थेंब दोन बशांवर टाकायचे, एकीत ग्लुकोज, दुसरीत ग्लिसरॉल. दोन-तीन दिवस ३० अंशांवर ठेवायचं. ग्लुकोजवर वाढलं आणि ग्लिसरॉलवर नाही, तर बिघाड श्वसनात आहे. याला लाखोंचं यंत्र लागत नाही. (परदेशी पुस्तकांत इन्क्युबेटर म्हणजे ऊब देणारी पेटी. वडोदऱ्यात मे महिन्यात ३० अंश हवे असतील तर थंड करणारी पेटी लागते.)

शिवाय ग्लुकोजमध्ये यीस्ट साधारण दीड तासात दुप्पट होतं. आज पेरलेलं उद्या हातात.

७. पण हवा भरपूर असली तरी यीस्ट साखरेवर श्वसन करतच नाही, असं वर्गात सांगितलं. मग तुम्ही अभ्यास कशाचा करता?

'करतच नाही' हे जरा जास्त झालं. फार कमी करतं. ग्लुकोज भरपूर असेल तेव्हा ऑक्सिजन असूनही हे यीस्ट किण्वनच पसंत करतं. याला क्रॅबट्री परिणाम म्हणतात. ग्लुकोजच्या धाकाने श्वसनाच्या एन्झाइम्सची जनुकं दाबून ठेवलेली असतात. साखर संपली की ती उघडतात, आणि यीस्ट स्वतःच बनवलेलं अल्कोहोल ऑक्सिजन वापरून खायला लागतं. फ्लास्कमधली वाढ अधे थोडा वेळ थबकते ती याच अदलाबदलीत.

म्हणून चांगले मायटोकॉन्ड्रिया हवे असतील तर आम्ही यीस्ट ग्लुकोजवर वाढवत नाही. ग्लिसरॉल, लॅक्टेट किंवा इथेनॉल देतो. रसायनांच्या यादीवर नुसतं 'साखर' लिहून कुणी ग्लुकोज आणून ठेवलं की आठवड्याचं काम पाण्यात जातं.

८. गुजरातमध्ये दारूबंदी आहे. तुमचं यीस्ट फ्लास्कमध्ये दारू करतं, ते कसं चालतं?

हा प्रश्न पाहुणे हसत विचारतात आणि उत्तर ऐकायला मात्र गंभीरपणे बसतात.

आमच्या माध्यमात दोन टक्के ग्लुकोज असतं. सगळंच्या सगळं अल्कोहोलमध्ये गेलं तरी साधारण एक टक्का होईल, तेही यीस्टच्या अर्कात आणि पेप्टोनमध्ये मिसळलेलं, मांसाच्या शिळ्या सुपासारख्या वासाचं. आणि प्रश्न ७ मध्ये सांगितल्याप्रमाणे यीस्ट ते स्वतःच खाऊन टाकतं. सरकारी खात्याचा खरा संबंध येतो तो बाटलीतल्या शुद्ध अल्कोहोलशी. डीएनए वेगळा करायला ते लागतंच. त्यासाठी परवाना काढावा लागतो, नोंदवही ठेवावी लागते, किती आलं, किती वापरलं, सगळं लिहावं लागतं. दुसऱ्या राज्यातून आलेल्या मुलांना याची मोठी गंमत वाटते.

जाता जाता: किण्वन या शहराला काही नवं नाही. इथली अलेंबिक कंपनी १९०७ साली सुरू झाली ती टिंक्चर आणि अल्कोहोल बनवण्यासाठीच.

९. काँप्लेक्स वन यीस्टमध्ये नाही म्हणता. मग पुस्तकातली चार काँप्लेक्सची आकृती चुकीची?

आकृती बरोबर आहे, आपल्यासाठी. श्वसनसाखळीतल्या प्रथिनांचे जे चार मोठे संच, त्यांनाच काँप्लेक्स म्हणतात. माणसात काँप्लेक्स वन हे चाळीसहून जास्त उपघटकांचं धूड आहे. ते एनएडीएचकडून (अन्नातले इलेक्ट्रॉन वाहून आणणारा रेणू) इलेक्ट्रॉन घेतं आणि प्रोटॉन ढकलतं. पावाच्या यीस्टने ते उत्क्रांतीच्या ओघात टाकून दिलं. त्याच्या जागी एकाच प्रथिनाची साधी एन्झाइम्स आहेत: पडद्याच्या आतल्या बाजूला एनडीआय-वन, बाहेरच्या बाजूला एनडीई-वन आणि टू. ती इलेक्ट्रॉन घेतात आणि पुढे देतात, पण प्रोटॉन ढकलत नाहीत. दोन, तीन, चार आणि एटीपी सिंथेज मात्र आपल्यासारखीच आहेत.

परीक्षेत हमखास चुकणाऱ्या दोन गोष्टी. एक, रोटेनोन हे विष काँप्लेक्स वन अडवतं, म्हणून या यीस्टच्या श्वसनावर त्याचा परिणाम होत नाही. दोन, 'यीस्टमध्ये काँप्लेक्स वन नसतं' हे विधान सगळ्या यीस्टना लागू नाही. यारोविया लिपोलिटिका या यीस्टमध्ये ते आहे, आणि काँप्लेक्स वनवर काम करणारे लोक तेच वापरतात.

उणिवेचाही उपयोग झाला. ताकाओ यागी यांच्या गटाने यीस्टचं एनडीआय-वन हे जनुक काँप्लेक्स वन बिघडलेल्या सस्तन पेशींत घातलं आणि त्या पेशींचं श्वसन पुन्हा सुरू झालं. आकाराने इतकं लहान प्रथिन त्या धुडाचं अर्धं काम करतं. प्रोटॉन ढकलायचं उरलेलं अर्धं मात्र त्याला जमत नाही.

१०. एका ग्लुकोजपासून एटीपी किती? ३८, ३६, ३२, ३०? प्रत्येक पुस्तकात वेगळं.

जुनी पुस्तकं ३६ किंवा ३८ सांगतात. त्यांनी एनएडीएचमागे तीन एटीपी धरले होते. नवी ३० ते ३२ सांगतात. हे आकडे माणसाचे आहेत, यीस्टला ते लावू नका.

यीस्टचा हिशोब कागदावर असा. काँप्लेक्स वन नाही (प्रश्न ९), म्हणून इलेक्ट्रॉनांच्या एका जोडीमागे १० ऐवजी ६ प्रोटॉन बाहेर जातात. कड्यात १० प्रथिनं (प्रश्न ५), म्हणजे एका फेरीला १० प्रोटॉन आणि ३ एटीपी, एकामागे ३.३. फॉस्फेट आत आणणं आणि एटीपी बाहेर पाठवणं याला आणखी एक, म्हणजे ४.३. ग्लुकोजपासून इलेक्ट्रॉनांच्या १२ जोड्या निघतात, १२ गुणिले ६ म्हणजे ७२ प्रोटॉन. त्याला ४.३ ने भागलं की साडेसोळा-सतरा. साखळीशिवाय थेट मिळणारे ४ त्यात मिळवा. विसाच्या थोडं वर.

पडदा गळतो, पायरूव्हेट (ग्लुकोज तुटून होणारा पदार्थ) आत न्यायलाही खर्च होतो, म्हणून जिवंत यीस्टमध्ये मोजलं की आकडा १६ च्या आसपास येतो. परीक्षेत तुमच्या पुस्तकात जे असेल ते लिहा. तोंडी परीक्षेत मात्र 'कोणाच्या पेशीत?' असं उलट विचारायला हरकत नाही. मी परीक्षक असेन तर खूश होईन.

११. 'पेटीट' म्हणजे काय? बशीत ते ओळखायचं कसं?

श्वसन गमावलेल्या यीस्टच्या बुटक्या वसाहती. वसाहत म्हणजे एका पेशीपासून बशीवर वाढलेला ठिपका. १९४९ साली पॅरिसमध्ये बोरिस एफ्रुसी यांनी त्या वर्णन केल्या. बहुतेकदा मायटोकॉन्ड्रियातला डीएनए मोठ्या प्रमाणात तुटलेला असतो किंवा पूर्ण गेलेला असतो. नेहमीच्या वाणांत शंभरातली एखादी पेशी आपणहून अशी होते. मायटोकॉन्ड्रियात स्वतःचा डीएनए असतो याचे पहिले इशारे इथूनच मिळाले. प्रत्यक्ष डीएनए यीस्टच्या मायटोकॉन्ड्रियात गॉटफ्रिड शाट्झ आणि सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये दाखवला.

ओळखायची सुंदर पद्धत आहे. एडीई-टू हे जनुक बिघडलेलं यीस्ट घ्यायचं. त्याच्या पेशीत एक लाल रंगद्रव्य साठतं, पण ते बनायला श्वसन चालू असावं लागतं. तिसऱ्या दिवशी बशी उघडली की कुंकवाच्या बोटांसारख्या लाल वसाहती दिसतात आणि अधूनमधून लहान, पांढऱ्याफटक. त्या पांढऱ्या म्हणजे पेटीट. एखादी वसाहत लाल असते आणि तिच्यात एक पांढरी पाचर घुसलेली असते: वाढता वाढता एका पेशीने श्वसन गमावलं आणि तिची सगळी प्रजा तशीच निघाली. रंग फिका वाटला तर बशी रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, लाल गडद होतो.

१२. म्हणजे मायटोकॉन्ड्रिया अजिबात नसलेलं यीस्ट जगू शकतं?

नाही. इथे चांगली चांगली मुलं फसतात. श्वसन गेलं तर चालतं, मायटोकॉन्ड्रिया गेले तर नाही. पेटीट पेशीतही मायटोकॉन्ड्रिया असतात, रोडावलेले का होईना. कारण त्यांची कामं ऊर्जेपुरती नाहीत. लोह आणि गंधक यांचे जे गुच्छ कित्येक एन्झाइम्सना लागतात, त्यांची सुरुवात तिथे होते, आणि त्यांच्याशिवाय केंद्रकातला डीएनएसुद्धा नीट राखता येत नाही. मायटोकॉन्ड्रियात हजाराच्या आसपास प्रकारची प्रथिनं असतात. यीस्टमध्ये त्यांतली प्रमुख आठच तिथल्या डीएनएवरून बनतात, बाकी सगळी बाहेरून आत घ्यावी लागतात. आत घ्यायला पडद्यावर विद्युतदाब लागतो.

मग साखळीच नसलेली पेटीट पेशी हा दाब आणते कुठून? किण्वनातलं एटीपी आत घेते आणि एटीपी सिंथेजचं उरलेलं डोकं ते तोडतं. आत जाणारं एटीपी आणि बाहेर येणारं एडीपी (एटीपी तुटल्यावर उरतं ते) यांच्या विद्युतभारात फरक असतो, त्या देवाणघेवाणीतून थोडा दाब टिकतो. ऊर्जा देणारा अवयव इथे ऊर्जा खाऊन जगतो.

१३. यीस्टमधून मायटोकॉन्ड्रिया बाहेर काढता कसे?

थंडपणे, दोन्ही अर्थांनी. यीस्टची भिंत चिवट असते. आधी झायमोलायेज नावाच्या एन्झाइमने ती विरघळवायची, पण आजूबाजूला सॉर्बिटॉलचं दाट द्रावण हवं, नाहीतर भिंत जाताच पेशी फुटतात. भिंत गेली की नाही हे पाहायची युक्ती सोपी: एक थेंब साध्या पाण्यात टाकायचा. गढूळ पाणी बघता बघता निवळलं, म्हणजे पेशी फुटल्या, म्हणजे भिंत गेली होती. मग सगळं बर्फात. काचेच्या नळीत काचेचाच दट्ट्या वरखाली करून पेशी हलकेच फोडायच्या. आधी सावकाश फिरवून केंद्रकं आणि न फुटलेल्या पेशी खाली बसवायच्या, मग वरचं पाणी १२,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या १२,००० पट) जोराने फिरवायचं. तळाशी जो तपकिरी थर बसतो तो आपला माल. पेटीटचा थर फिकट निघतो, कारण त्यात सायटोक्रोम, म्हणजे श्वसनसाखळीतली रंगीत प्रथिनं, कमी.

हा थर ऑक्सिजन मोजणाऱ्या इलेक्ट्रोडच्या छोट्या पेल्यात टाकतो. एनएडीएच घातलं की संगणकाच्या पडद्यावरची ऑक्सिजनची रेषा उतरायला लागते. यीस्टमध्ये ते थेट घालता येतं, कारण ते घेणारं एन्झाइम बाहेरच्या बाजूला आहे. एडीपी घातलं की उतार वाढतो. ऑलिगोमायसिनने एटीपी सिंथेज अडवलं की उतार कमी होतो. शेवटी सायनाइडच्या एका थेंबाने काँप्लेक्स चार बंद पडतं आणि रेषा आडवी होते. ज्याने ही रेषा स्वतः उतरवली त्याला प्रश्न ४ पुन्हा समजावावा लागत नाही.

१४. मामांची नाशिकला द्राक्षबाग आहे. ते फवारतात त्या औषधाचा याच्याशी संबंध आहे म्हणे?

आहे. अझॉक्सिस्ट्रोबिन आणि त्या कुळातली बुरशीनाशकं काँप्लेक्स तीनमधल्या एका ठरावीक खाचेत बसतात आणि बुरशीचं श्वसन अडवतात. सारखं तेच औषध मारत राहिलं तर बुरशीच्या मायटोकॉन्ड्रियातल्या सायटोक्रोम बी जनुकात एकच अक्षर बदलतं, त्या जागी ग्लायसीनऐवजी अ‍ॅलानीन येतं आणि औषध बसेनासं होतं. औषधं आलटून पालटून मारा असं जे सांगतात ते यासाठी. हिवतापावरचं अ‍ॅटोव्हाक्वोन हेही काँप्लेक्स तीनवरच चालतं, आणि त्याला दाद न देणारे बदल यीस्टमध्ये घडवून तपासले गेले आहेत.

१५. घरी किंवा शाळेत यातलं काही करून दाखवता येईल?

येईल. कोमट पाण्यात चमचाभर बेकरीचं यीस्ट आणि साखर कालवा, अर्धा तास ठेवा. अरुंद उंच बाटलीत भरून त्यात मिथिलीन ब्लूचे दोन-चार थेंब टाका. मासे पाळणाऱ्यांच्या दुकानात मिळतं. थोड्या वेळाने निळा रंग जातो, कारण यीस्टकडून निघालेले इलेक्ट्रॉन त्या रंगाला मिळतात. पृष्ठभागाजवळ, हवेला लागून, पातळ निळी पट्टी उरते. बाटली जोरात हलवली की हवा मिसळते आणि निळा परततो. ठेवून द्या, पुन्हा जातो. कपडे सांभाळा, डाग निघत नाही.

१९२५ साली केंब्रिजमध्ये डेव्हिड केलिन यांनी याच धर्तीचं पाहिलं होतं. त्यांनी रंग बाहेरून घातला नव्हता. यीस्टमधून येणारा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला, तर काळ्या पट्ट्या दिसत होत्या. हवेत हलवलं की पट्ट्या नाहीशा, थोडं थांबलं की परत हजर. सायटोक्रोम असे सापडले.

१६. मायटोकॉन्ड्रिया आईकडूनच येतात. यीस्टमध्ये आई कोण?

कुणीच नाही. यीस्टमध्ये 'ए' आणि 'अल्फा' असे दोन प्रकार असतात, आकाराने सारखे. मीलनात दोघांचेही मायटोकॉन्ड्रिया पुढच्या पेशीत येतात, डीएनएची सरमिसळही होते. काही पिढ्यांत प्रत्येक पेशीत एकच प्रकार उरतो. माणसाचा 'फक्त आईकडून' हा नियम इथे लावू नये.

१७. इतक्या वर्षांत यातून माणसासाठी काय निघालं?

औषधाचं नाव ऐकायला मिळेल या आशेने हा प्रश्न येतो. निघालं ते मुख्यतः निदान. लहान मुलांना होणाऱ्या ली सिंड्रोम या गंभीर आजाराचं एक कारण म्हणजे सर्फ-वन जनुकातला बिघाड. हे प्रथिन काँप्लेक्स चार जुळवायला लागतं, आणि यीस्टमधला त्याचा जोडीदार शाय-वन. माणसाचं कॉक्स-टेन हे जनुक तर सापडलंच यीस्टमुळे: ते जनुक बिघडलेल्या यीस्टमध्ये माणसाची जनुकं घालून पाहिली आणि ज्याने यीस्ट पुन्हा ग्लिसरॉलवर वाढू लागलं ते उचललं. बार्थ सिंड्रोममध्ये मायटोकॉन्ड्रियाच्या पडद्यातलं कार्डिओलिपिन हे स्निग्ध द्रव्य बिघडतं. त्याचाही यीस्टमध्ये पुष्कळ अभ्यास झाला आहे.

औषधांच्या बाजूने पाहायचं तर बेडाक्विलिन घ्या. दाद न देणाऱ्या क्षयावरचं हे औषध क्षयाच्या जंतूचं एटीपी सिंथेज अडवतं. ते यीस्टच्या आणि माणसाच्या एटीपी सिंथेजलाही लागू पडतं का, हे तपासलं गेलं, आणि प्रयोगशाळेत ते पडतं असं दिसलं. अशी माहिती पुढचं औषध बनवणाऱ्याला हवी असते.

१८. ओळखीतल्या मुलाला मायटोकॉन्ड्रियाचा आजार सांगितलाय. तुमच्याकडे यीस्टवर तपासून मिळेल का?

तपासणी म्हणून नाही. निदान हे जनुकतज्ज्ञ डॉक्टरांचं काम आहे. रक्ताचे नमुने किंवा रिपोर्ट कृपया संशोधकांकडे पाठवू नका. यीस्टचा उपयोग नंतर होतो. रिपोर्टमध्ये 'अर्थ अनिश्चित' असा शेरा मारलेला जनुकीय बदल आला, तर तोच बदल यीस्टमध्ये करून ग्लिसरॉलवर वाढ होते का हे पाहता येतं. त्याला अटी आहेत. ते जनुक यीस्टमध्ये असलं पाहिजे आणि बदललेली जागा दोघांत सारखी हवी. काँप्लेक्स वनचे बदल इथे बादच, कारण प्रश्न ९. बिघाड मायटोकॉन्ड्रियाच्या स्वतःच्या डीएनएत असेल तर काम जास्त किचकट: टंगस्टनच्या बारीक कणांवर डीएनए चढवून ते कण यीस्टमध्ये वेगाने मारावे लागतात. १९८८ पासून हे जमतं, पण रोज जमत नाही.

याला जोडून को-क्यू-टेनच्या गोळ्यांबद्दल विचारतात. हा पदार्थ श्वसनसाखळीत इलेक्ट्रॉन वाहून नेतो; यीस्टमध्ये त्याची शेपटी सहा कड्यांची, आपल्यात दहा. शरीराला तो बनवताच येत नाही असा एक दुर्मीळ आजार आहे, त्यात गोळ्यांचा उपयोग होतो. नुसता थकवा वाटतो म्हणून घ्यायच्या असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

१९. मुलीला एमएस्सीला अशा विषयात प्रकल्प करायचा आहे. आधी काय यायला हवं?

जंतुविरहित काम करणारा हात आणि द्रावणांचा हिशोब. दीड मोलर सॉर्बिटॉलपासून ०.६ मोलर कागद न घेता करता आलं पाहिजे. बाकी शिकवता येतं. पहिला महिना तिने फक्त बशांवर थेंब टाकावेत: दहापट, शंभरपट, हजारपट पातळ केलेले, ग्लुकोजवर आणि ग्लिसरॉलवर. थेंब एका रेषेत, एका आकाराचे पडायला लागले की मग मायटोकॉन्ड्रियाचं बघू. आणि येताना तिला सांगा, बशीच्या झाकणावर लिहू नये, तळाला लिहावं, झाकणं बदलतात.